हलका डावा पाय

नाना जाऊन आता दीड वर्ष होईल. आमच्या पनवेल-उरणकडच्या कबड्डीच्या मैदानांवर अजून त्यांची आठवण निघते, आणि निघाली की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, नानांना मातीतली पावलं वाचता येत. दुसरी, नानांच्या एका शब्दाने दर्शना नावाच्या मुलीचं खेळणं संपलं. पहिली गोष्ट सोळा आणे खरी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी ठाऊक असूनही मी चारचौघांत कधी तोंड उघडलं नाही. ती पुढे येईलच. आधी माणूस कसा होता ते सांगते, नाहीतर त्यांनी शेवटी जे केलं ते कुणाला पटणार नाही.

मी तेव्हा मुलींच्या कबड्डी लीगमधल्या एका संघाकडे नोकरीला होते. ऑफिस नवीन पनवेलला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. कॉलेजात मी स्वतः थोडीफार खेळले होते, पण खांदा निखळला आणि मैदानावरून लॅपटॉपवर आले. सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, कुठल्या मुलीच्या किती चढाया साधल्या, किती पकडी सुटल्या त्याचे तक्ते करायचे, हे माझं काम. दरवर्षी लीगच्या आधी वीस वर्षांखालच्या मुलींची निवड असे. सगळे तिला ड्राफ्टच म्हणत. यात बोली नसते. मुलींची एक यादी असते आणि संघांनी पाळीपाळीने त्यातलं एकेक नाव उचलायचं. वीस पूर्ण झाली की नाव यादीतून कायमचं बाहेर. त्यामुळे ड्राफ्टच्या आधीचे दोन महिने आम्ही गावोगाव मुली बघत हिंडत असू. संघाने या कामासाठी नानांना धरलं होतं, आणि नानांना स्कूटरवरून फिरवण्यासाठी मला.

सत्तरी ओलांडलेला काटक माणूस. गुडघ्याच्या वर दुमडलेली लुंगी, पांढरा सदरा, खिशात तंबाखूची जुनी डबी. डबीत तंबाखू नसे, खडेमीठ असे. काकडी असो, उकडलेलं अंडं असो, हॉटेलातली डाळ असो, नाना आपल्या डबीतली चिमूट टाकल्याशिवाय घास घेत नसत. टेबलावरच्या बारीक मिठाकडे बघून म्हणत, "ही पावडर हाय. अंगाला लावायची." एकदा आमच्या मॅनेजरांनी त्यांना एका चांगल्या हॉटेलात जेवायला नेलं. तिथे वेटरने नानांच्या हातातली डबी बघून काकुळतीने सांगितलं की साहेब, इथे तंबाखू चालत नाही. नानांनी त्याला जवळ बोलावून त्याच्या तळहातावर एक खडा ठेवला आणि म्हणाले, "खा." त्याने खाल्ला बिचाऱ्याने.

नानांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. मीठ धरायच्या आधी मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. माणसं ओळीने उभी राहून चिखल तुडवत पुढे सरकतात. नाना मुकादम होते. कोण अंग चोरतो, कुणाची पाठ धरली आहे, कोण कालची उतरलेली नसताना कामावर आलाय, हे त्यांना माणसाच्या तोंडाकडे न बघता मागे उमटलेल्या पावलांवरून कळे. ते मिठागर आता भरावाखाली गेलंय. उलव्याच्या बाजूने जाताना नाना मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर टिचकी मारत आणि एखाद्या उंच इमारतीकडे बोट दाखवून म्हणत, "तिथं आमची मोरी व्हती. भरतीचं पानी तिथनं घ्यायचो." मी हूं म्हणायचे आणि डंपर चुकवायचे.

सामन्याच्या दिवशी नाना खेळाडूंच्याही आधी मैदानावर हजर असत. सोबत स्वतःचा झाडू. मैदान झाडून काढायचं, खडे वेचायचे, बादलीतलं पाणी ओंजळीने हलकं शिंपडायचं. माती अशी बसली पाहिजे की पाय उमटला पाहिजे पण चिकटता कामा नये. एकदा विचुंब्याजवळच्या एका स्पर्धेत आयोजकांपैकी एका तरण्याबांड गृहस्थांनी त्यांना मंडपवाल्याचा गडी समजून ओरडून सांगितलं, "ओ बाबा, तो तिकडचा कोपरा राहिला!" नानांनी मुकाट तो कोपरा झाडला. दोन तासांनी त्याच गृहस्थांना स्टेजवर नानांच्या खांद्यावर शाल घालायची वेळ आली. त्यांचा चेहरा उतरला, माफी मागू लागले. नाना म्हणाले, "माफी कशाची? कोपरा राह्यलाच व्हता."

चपला घालून मैदानात पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. स्वतःच्या चपला एका पिशवीत घालून पिशवी मनगटाला अडकवत. मॅनेजरांना त्यांनी बुटांसकट रेषेबाहेर काढलं होतं, तेही लोकांदेखत. मॅनेजर भला माणूस, त्याने मोजेसुद्धा काढले.

सामना सुरू झाला की नाना बाद झालेल्या मुली जिथे ओळीने बसतात तिथे जाऊन बसत. एक डोळा खेळावर, दुसरा त्या बसलेल्या मुलींवर. आपल्या संघाने गडी टिपला की बाद झालेली मुलगी परत आत येते. कोण कशी उठते ते नाना बघत. आणि सामना संपून लोक पांगले की अनवाणी, पाठीमागे हात बांधून ते मैदानात शिरत. चौदा जणींनी तुडवलेल्या मातीत एकीचं पाऊल त्यांना कसं सापडे, हे मला तीन वर्षांत समजलं नाही. रेषेपाशी उकिडवे बसत, बोटाने खळगा मापत, उठत, दोन हात पुढे जाऊन परत बसत. मग माझ्याकडे न बघता एकेक वाक्य सांगत आणि मी ते लिहून घेत असे. "ही घ्या. पडते, पन रुसत नाय." "ही फकत मानसं बघायला असली की पलते." एका मुलीबद्दल म्हणाले, "हिच्या आईला भेट, बाय. पोरगी उपाशी खेलते." मी जाऊन चौकशी केली. खरंच सकाळपासून चहावर होती. त्या दिवशी नानांनी मला रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडची डझनभर केळी घ्यायला लावली आणि मुलींत वाटायला लावली. स्वतः मात्र कुणाजवळ गेले नाहीत.

हा त्यांचा नियमच होता. खेळणाऱ्या मुलीशी बोलायचं नाही. नाव विचारायचं नाही, दुखलंखुपलं विचारायचं नाही. मी एकदा त्यावरून त्यांच्याशी वाद घातला होता.

"नाना, एवढं मातीत शोधण्यापेक्षा तिलाच विचारलं तर?"

"इचारल्यावर कोन खरं सांगतं? निवड व्हायची हाय. ताप असला तरी नाय बोलतील. पाय खोटं बोलत नाय."

मॅनेजर त्यांना माझे तक्ते दाखवत. "नाना, डेटा काय म्हणतोय बघा ना एकदा."

"तुमच्या डाटाला पाय हायत काय?"

मॅनेजर हसत, मीही हसत असे. पण आदल्या वर्षीच असं झालं होतं की एका चढाईपटूच्या मागे सगळे संघ लागले होते. माझ्या तक्त्यातही ती सगळ्यांत वर होती. नाना म्हणाले, उजवी टाच टेकत नाय, ही टिकायची नाय. आम्ही तिला सोडलं. दुसऱ्या संघाने पहिल्याच पाळीत उचललं, आणि दहा दिवसांत ती पायाला प्लास्टर घालून घरी गेली. तेव्हापासून नानांच्या शब्दाला भलतंच वजन आलं. इतर संघांची माणसं मैदानावर आमच्या आसपास घुटमळू लागली. नानांकडून काही निघत नसे, म्हणून माझ्याभोवती. मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. माझ्या तक्त्यांना कुणी विचारत नव्हतं. नानांची वही मात्र माझ्या पिशवीत होती.

दर्शना उलव्याच्या पुढच्या एका गावची. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांनी पुरेसं सोसलंय. वय एकोणीस, म्हणजे यादीतलं तिचं शेवटचं वर्ष. अंगाने किरकोळ, पण चढाईला निघाली की बघत राहावं. दोघींच्या मधून अशी निसटायची की त्या दोघी एकमेकींनाच धरायच्या. आदल्या दोन वर्षी एकदा बारावीची परीक्षा आडवी आली आणि एकदा वडील गेले, म्हणून तिने नावच दिलं नव्हतं. या वर्षी मात्र ती पहिल्या दोन पाळ्यांतच जाणार, हे सगळे धरून चालले होते. लीगमध्ये खेळलेल्या मुलींना खेळाच्या कोट्यातून नोकऱ्या लागतात. घरात ती आणि आई. तेव्हा तिच्यासाठी ही निवड म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आम्ही तिला बघायला गेलो त्या दिवशीचा सामना मातीवर होता. दर्शना फार सुंदर खेळली. सगळे गेल्यावर नाना मैदानात शिरले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उकिडवे बसून राहिले. रेषेपासून कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आले. मग मला जवळ बोलावलं. पहिल्यांदाच त्यांनी मला पावलं दाखवली. उजव्या पायाचा खळगा खोल, टाचेसकट. डाव्याची नुसती पुढची बोटं.

"दर वेली असाच. डावा पाय राखते. गुडघा गेलेला हाय, लपवते."

"तिला विचारू का नाना? इथेच आहे ती, अजून कपडे बदलतेय."

"नाय. लिव."

मी लिहिलं. डावा गुडघा अधू, घेऊ नये.

चहाच्या टपरीवर माझी एक कॉलेजातली मैत्रीण भेटली. ती दुसऱ्या एका संघाकडे माझंच काम करायची. कटिंग हातात देत म्हणाली, "दर्शनाला पहिल्या पाळीत घेणार ना तुम्ही? आमचे सर म्हणतायत आमचा नंबर आधी लागला तर आम्ही घेऊ." खरं तर गप्प बसायचं होतं. पण आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही, याची एक गुदगुली असते. मी म्हणाले, "डाव्या गुडघ्यात गडबड आहे. नानांनी नाही म्हणून सांगितलंय. कुणाला बोलू नकोस." तिने अर्थातच तिच्या सरांना सांगितलं. सरांनी आणखी कुणाला. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं असणार. चहा संपायच्या आत मी हे करून बसले होते.

ड्राफ्ट पनवेलच्या एका हॉलमध्ये झाला. नाना अशा ठिकाणी येत नसत. दर्शना आईला घेऊन आली होती, मागून तिसऱ्या रांगेत बसली होती. आईच्या मांडीवर भरलेली बॅग. निवडलेल्या मुलींना दुसऱ्या दिवशीच शिबिराला जायचं होतं, म्हणून ती घरूनच भरून आणलेली. पहिली पाळी झाली, दुसरी झाली. प्रत्येक पाळी संपली की माइकवरचा माणूस उरलेली नावं वाचून दाखवायचा आणि तिचं नाव दर वेळी वाचलं जायचं. तिसऱ्या पाळीपर्यंत ती ताठ बसली होती. नंतर तिने खाली बघायला सुरुवात केली. मी समोरच्या टेबलावर बसून सगळं बघत होते, आणि मला तेव्हाच कळलं होतं की हे आठही संघांना आपोआप सुचलेलं नाही.

शेवटची पाळी झाली, टाळ्या झाल्या, हॉलची माणसं खुर्च्या गोळा करू लागली. दर्शनाची आई बॅग सावरत माझ्याकडे आली.

"ताई, आमचं नाव वाचायचं राह्यलं काय?"

"यादी संपली, मावशी," मी म्हणाले.

त्यानंतर मी जे करायला हवं होतं ते केलं, पण उशिरा. दर्शनाचे जुने व्हिडिओ काढले. मॅटवरचे. ते ड्राफ्टच्या आधीपासून माझ्याकडे होते. नानांनी सांगितल्यावर बघायची गरजच वाटली नव्हती. एका सामन्यात ती अकरा वेळा उडी घेऊन डाव्या पायावर उतरली होती. पूर्ण पाय टेकून. आणि त्याच पायावर गिरकी घेऊन परत फिरली होती. गुडघा अधू असलेल्या मुलीला हे एकदाही जमलं नसतं.

मी लॅपटॉप घेऊन नानांच्या घरी गेले. त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही, ते कधीच बघत नसत. फक्त ऐकून घेतलं.

"किती वेला?"

"अकरा."

"पुरा पाय?"

"पुरा पाय, नाना."

त्यांनी डबी उघडली, बंद केली. मला चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास विचुंब्याला माझ्या दारात नाना उभे. हातात झाडू. "तिच्या गावात चल," एवढंच म्हणाले.

त्या गावचं मैदान मी याआधी बघितलं नव्हतं, नानांनीही नाही. तिथे स्पर्धा होतच नसत. गेल्यावर कारण दिसलं. रस्ता रुंद झाला त्यात अर्धं मैदान गेलेलं. उरलेलं अर्धं पोरं वापरत होती. कबड्डीला दोन अंगणं लागतात, इथे एकच. म्हणून चढाई नेहमी एकाच दिशेने, रस्त्याकडून देवळाकडे. नानांनी चपला पिशवीत घातल्या, मैदान झाडलं, पाणी शिंपडलं. शाळेच्या आधी खेळायला आलेली दहा-बारा पोरं-पोरी गंमत बघत उभी राहिली. मग खेळायला लागली. सात-आठ वर्षांची असतील, काही त्याहून मोठी.

पोरं शाळेत गेली. नाना आत शिरले, उकिडवे बसले. एका खळग्यापाशी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग उठलेच नाहीत. मी जवळ गेले तर त्यांचा हात मातीवर तसाच होता.

"बग," ते म्हणाले.

सगळ्या पोरांचा उजवा पाय खोल होता आणि डाव्याची नुसती बोटं उमटलेली. एकजात सगळ्यांची. नानांनी टाचेने डाव्या अंगाची माती उकरली. चार बोटांवर काँक्रीट लागलं. गटारावर टाकलेल्या फरशा, देवळापर्यंत गेलेल्या, वर मातीचा थर. या मैदानात आत उडी घेतली की डावा पाय त्या फरशीवर पडणार. पहिल्यांदा टाच सणकून लागली की पोर शिकतं, तिथे पाय हलका टाकायचा. दर्शना याच मैदानात लहानाची मोठी झाली होती. मॅट मऊ, तिथे ती बिनधास्त उतरायची. माती दिसली की पाय आपोआप आखडायचा. तिचा गुडघा ठणठणीत होता.

"सगल्या गावाचा गुडघा नाय गेलेला," नाना म्हणाले. मी त्यांना उठायला हात दिला. तो त्यांनी घेतला, जे ते एरवी करत नसत.

दर्शनाच्या घरी ओटीवर तिची आई आणि काका बसले होते. नानांनी चपला काढल्या पण ते वर चढले नाहीत, अंगणातच उभे राहिले. दर्शना बाहेर आली. तीन वर्षांत मी नानांना एखाद्या खेळाडूशी बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

"पोरी, तुझा पाय चांगला हाय. मी चुकीचा वाचला. मी तुझा गुडघा गेला बोललो, म्हनून तुला कुनी घेतलं नाय. ते सांगायला आलोय."

काका ताडकन उठले. आईने त्यांना हाताने थांबवलं. दर्शना ओटीवरून खाली उतरली.

"तुमी तर एकाच संघाचे ना?" ती म्हणाली. "मग बाकीच्यांनी का नाय घेतलं?"

मी नानांच्या मागे उभी होते. नानांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी ती फक्त मला सांगितली होती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच सांगितलं," नाना म्हणाले. "सगल्यांना मीच सांगत सुटलो."

"मना एकदा तरी इचारायचं," दर्शना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तिथंच व्हते. पाय दाखवला असता."

नानांनी हात जोडले. काका मग बरंच काही बोलले, ते सगळं नानांनी उभं राहून ऐकलं. आणि मी, जिने ते बोलणं खायला हवं होतं, ती स्कूटरची किल्ली मुठीत धरून गप्प उभी होते. परतताना गव्हाण फाट्यापाशी मी कसंबसं तोंड उघडलं. "नाना, ते माझ्याकडून..."

"मागं कशाला बगतेस? गाडी चालव."

पुन्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "मी बोललो तेच तू सांगितलंस. पन बोललेलंच चुकीचं व्हतं, ते माझं. चूक माझी." मी हे कानाने ऐकलं आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज अजून जात नाही.

संघाचं काम त्यांनी सोडलं. मॅनेजर दोनदा घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. आणि नाना रोज सकाळी रिक्षाने त्या गावात जायला लागले. कुठून तरी ट्रॉलीभर चिकणमाती मिळवली. फरशांवर वीतभर थर घातला, पाणी मारलं, आणि मिठागरात तुडवायचे तशी ती जमीन पायांनी तुडवायला घेतली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एकटे. रोज हातभर पुढे. दोनदा पावसाने थर वाहून नेला, दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून. मी रविवारी जायचे, तेव्हा नाना मलाही तुडवायला लावायचे आणि माझी पावलं बघून म्हणायचे, "अंग चोरतेस." गावात लोक त्यांना चांगलं म्हणत नव्हते. येताजाता कुणीतरी बोलायचंच, "आला बगा पाय मोजनारा." कुणी म्हणायचं, "पोरीचं वाटोलं करून आता माती घालतोय." नाना मान खाली घालून तुडवत राहायचे. हे सगळं मी बघितलंय. दर रविवारी वाटायचं की आज बोलावं. आणि दर रविवारी पाय धुऊन मी घरी यायचे.

दर्शना उलव्याला एका गोदामात पॅकिंगला लागली. कामावर जाताना ती मैदानाच्या कडेने जायची आणि नानांकडे बघायची नाही.

होळीच्या आधी नाना गेले. थर देवळापर्यंत पोहोचला होता. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. अंत्ययात्रेला कबड्डीतली पुष्कळ माणसं होती. त्या गावातून कुणी आलं नाही.

तीन आठवड्यांनी मी एकटी त्या गावात गेले. सुट्टीचा दिवस होता. दर्शना मैदानावर पोरांना खेळवत होती. गळ्यात शिट्टी, ओढणी कमरेला बांधलेली. पोरं नव्या मातीवर दोन्ही पाय टेकून उड्या मारत होती. मी तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. टपरी, मैत्रीण, कटिंग चहा. नानांनी फक्त मला सांगितलं होतं, बाहेर मी काढलं. त्या दिवशी अंगणात ते माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी ते बोलू दिलं.

ती रागावेल, ओरडेल, निदान जा म्हणेल, अशी मी तयारी करून गेले होते. तिने शिट्टी गळ्यातून काढली आणि हातात धरली.

"त्यांना ठाव व्हतं, तुमी सांगितलं ते?"

"हो."

"तरी बोलले नाय?"

"नाही."

ती मैदानाकडे वळली. एक पोरगी पडली, उठली, परत ओळीत जाऊन उभी राहिली.

"वर्सभर यायचे," ती म्हणाली. "उन्हात तुडवत असायचे. एकदा आई बोलली, म्हातारा हाय, पानी दे. मी तांब्या नेला आनि लांबच ठेवला जमिनीवर. हातात दिला नाय." तिने माझ्याकडे बघितलं. "ताई, मी त्यांना एकदा पन नाना म्हनून हाक नाय मारली."